यंत्राची भाषा शिकलेला माणूस : लक्ष्मणराव किर्लोस्कर

धुळे हे रस्त्यांचे गाव आहे. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा महामार्ग येथून जातो. सुरतेहून नागपूरला जाणारा महामार्गही धुळ्यावरूनच पुढे पारोळा, एरंडोल, जळगाव आणि भुसावळ असा जातो. या रस्त्यांवरून रात्रंदिवस मालमोटारी धावत असतात. कोणी कापूस नेतो, कोणी केळी नेतो, कोणी सिमेंट. मोटार धावते तशी ती झिजतेही. म्हणून रस्त्याच्या कडेला जागोजागी गॅरेज दिसतात. काळे झालेले कपडे, हातात पाना आणि कान इंजिनाच्या आवाजाकडे लावलेला उस्ताद, हे दृश्य तुम्ही अनेकदा पाहिले असेल. तुमच्यापैकी काहींच्या घरातही असा एखादा उस्ताद असेल.

गॅरेजमधील शागिर्दाच्या आयुष्यात एक दिवस फार महत्त्वाचा असतो. त्या दिवशी उस्ताद त्याला पूर्ण इंजिन एकट्याने जोडायला सांगतो. इंजिन जुने असते. ते पूर्वीच खोललेले असते. झिजलेल्या सिलिंडरचे बोअरिंग लेथवाल्याकडून करून आणलेले असते. क्रँकशाफ्ट घासून गुळगुळीत केलेला असतो. पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे नवी आणलेली असतात. सगळे भाग रॉकेलने धुऊन, पुसून स्वच्छ कापडावर मांडलेले असतात. आता ते पुन्हा जोडायचे असतात.

हे काम वाटते तितके सोपे नाही. बेअरिंगाच्या टोप्या दिसायला सारख्या असतात, पण प्रत्येकीची जागा ठरलेली असते. एकीची टोपी दुसरीच्या जागी बसवली, तर शाफ्ट अडतो. पिस्टनच्या रिंगांची तोंडे एका रेषेत ठेवून चालत नाही. तसे केले तर जळलेला वायू त्या फटीतून खाली उतरतो. दातेरी चाकांवरील खुणा एकमेकींसमोर आल्याच पाहिजेत. त्या चुकल्या तर झडपा भलत्याच वेळी उघडतात आणि कधी कधी पिस्टनवर आदळतात. वरचे हेड बसवताना बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे करून आवळावे लागतात. घाईने एकच बाजू आवळली तर हेड वाकडे बसते. झडपेजवळची फट तर पातळ पट्टीने मोजावी लागते. ती फट मिलिमीटरच्या काही दशांश भागांइतकीच असते. शेवटी तेल भरायचे आणि इंजिन आधी हाताने फिरवून पाहायचे. कोठे अडत नाही ना, याची खात्री झाली की मग ते सुरू करायचे.

तो क्षण शागिर्दाला कधी विसरता येत नाही. छाती धडधडत असते. एखादा बोल्ट राहिला तर? एखादी खूण चुकली तर? इंजिन दोनदा गुरगुरते, थोडा धूर सोडते आणि एकदम सुरळीत चालू लागते. त्या आवाजाने शागिर्दाला कळते, की आपण आता केवळ पाने देणारे पोर राहिलो नाही.

पण या शागिर्दाला एक फार मोठी सोय असते. त्याच्या शेजारी उस्ताद उभा असतो. जेथे उस्तादच नाही, तेथे काय करायचे? आज आपल्या राज्यात गावोगावी यंत्रे आहेत आणि ती दुरुस्त करणारे हातही आहेत. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी तसे नव्हते. यंत्रे विलायतेहून येत. त्यांचे सुटे भागही विलायतेहून येत. यंत्र मोडले की ते कोपऱ्यात पडून राही. यंत्र ही साहेबांची वस्तू, ते आपले काम नव्हे, असे लोकांना वाटे. अशा काळात एका माणसाने यंत्रे स्वतः समजून घेतली, स्वतः जोडली आणि पुढे स्वतः तयार केली. त्या माणसाचे नाव लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा कानावर पडणारा तो मुलूख. वडील काशीनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलानेही ग्रंथ वाचावेत, विद्वान व्हावे अशी घरात अपेक्षा असणे स्वाभाविक होते. पण लक्ष्मणाचे मन पाठांतरात रमत नसे. त्याला दोन गोष्टींची आवड होती. एक चित्रे काढण्याची आणि दुसरी हाताने काहीतरी बनवण्याची.

त्या काळी चित्रे काढून पोट भरेल असे कोणालाही वाटत नसे. वडिलांना हा नाद पसंत नव्हता. मात्र थोरले बंधू रामचंद्रराव, म्हणजे सर्वांचे रामूअण्णा, यांनी धाकट्या भावाची पाठराखण केली. त्यांच्या मदतीने लक्ष्मणराव १८८५ मध्ये मुंबईला गेले आणि सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत दाखल झाले. आपण चित्रकार होणार असे त्यांना वाटू लागले.

नशिबात मात्र वेगळेच होते. शिकताना त्यांच्या लक्षात आले, की आपल्याला काही रंगांतील फरक नीट ओळखता येत नाही. डोळ्यांना दिसते, पण रंग कळत नाही. याला रंगांधत्व म्हणतात. ज्याला रंग ओळखता येत नाहीत तो चित्रकार कसा होणार? घरच्यांचा विरोध पत्करून धरलेली वाट अशी मध्येच बंद झाली. दुसरा एखादा तरुण निराश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी विचार केला, की रंग नसले तरी रेषा आपल्या हाती आहेत. त्यांनी यांत्रिक आरेखन शिकायला सुरुवात केली.

यांत्रिक आरेखन म्हणजे यंत्रांची चित्रे काढणे. या चित्रांत रंग नसतात. मापे, रेषा आणि खुणा असतात. वस्तू समोरून कशी दिसते, वरून कशी दिसते आणि मधून कापली तर आत काय दिसते, हे सारे कागदावर उतरवायचे असते. ज्याला असे चित्र काढता येते, त्याला यंत्र न खोलताही आतून पाहता येते. म्हणून या आरेखनाला यंत्रांची भाषा म्हटले तरी चालेल. तुम्ही शाळेत मराठी ही नवी भाषा शिकता, तशी लक्ष्मणरावांनी ही भाषा शिकून घेतली. नवी भाषा शिकणाऱ्याच्या पहिल्या वाक्यात चुका होतात. पण चुकण्याच्या भीतीने जो बोलतच नाही, त्याला ती भाषा कधीच येत नाही. यंत्रांच्या बाबतीतही हाच नियम आहे.

मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था नव्यानेच निघाली होती. तेथे लक्ष्मणरावांना यांत्रिक आरेखन शिकवण्याची नोकरी मिळाली. शिकवण्याचे तास संपले की बाकीचे घरी जात. लक्ष्मणरावांची पावले मात्र संस्थेच्या कार्यशाळेकडे वळत. तेथील यंत्रे ते पाहत, हाताळत, त्यांच्याविषयी वाचत. कागदावर काढलेली रेषा लोखंडात कशी उतरते, हे त्यांना तेथे समजले. शिक्षक होऊनही त्यांनी विद्यार्थीपण सोडले नाही.

मुंबईत त्यांनी आणखी एक नवी वस्तू पाहिली. ती म्हणजे सायकल. त्या काळी सायकल ही मोठी नवलाई होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवू लागले आणि रामूअण्णा तेथे त्या विकू लागले. १८८८ मध्ये या दोघा भावांनी बेळगावात सायकलींचे लहानसे दुकान सुरू केले. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाची सुरुवात तेथून झाली. ज्या रस्त्यावर ते दुकान होते, तो पुढे किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जाऊ लागला.

सायकल विकणे म्हणजे केवळ पैसे घेऊन वस्तू देणे नव्हते. गिऱ्हाइकाला ती चालवायला शिकवावे लागे. ती बिघडली तर दुरुस्त करून द्यावी लागे. सायकल हे साधे वाहन वाटते. पण तिच्यात चाक आहे, आस आहे, साखळी आहे, दातेरी चाक आहे आणि बारीक गोळ्यांची बेअरिंगेही आहेत. मोठ्या यंत्रातील अनेक गोष्टी लहान रूपात सायकलीत सापडतात. जो सायकल खोलून पुन्हा नीट जोडू शकतो, त्याच्या मनातील यंत्राची भीती निघून जाते.

१८९७ मध्ये लक्ष्मणरावांच्या आयुष्यात दुसरे वळण आले. संस्थेत बढतीची जागा रिकामी झाली. काम आणि अनुभव पाहता ती लक्ष्मणरावांना मिळायला हवी होती. पण ती एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. इंग्रजी राज्यात असे अनेकदा घडे. लक्ष्मणरावांना या अन्यायाचे फार वाईट वाटले. दरमहा ठरलेला पगार देणारी नोकरी सोडणे सोपे नव्हते. तरीही त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. जेथे गुणांपेक्षा कातडीचा रंग मोठा ठरतो, तेथे राहायचे नाही असे त्यांनी ठरवले. रंगांनी त्यांची वाट दोनदा अडवली होती. दोन्ही वेळा त्यांनी नवी वाट काढली.

बेळगावात आल्यावर त्यांनी शेतकऱ्यांकडे पाहिले. आपल्या देशात बहुतेक लोक शेती करतात, पण शेतीची अवजारे शेकडो वर्षांपूर्वीचीच आहेत, हे त्यांना दिसत होते. जनावरांचा कडबा कोयत्याने तोडला जाई. त्यात वेळ जाई आणि बराच कडबा वायाही जाई. लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगराचे काम हाती घेतले.

लाकडी नांगर जमीन वरवर फाडतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि मातीचा थर उलटा करतो. खालची माती वर येते, उन्हात तापते आणि हरळी-कुंद्यासारख्या तणांच्या मुळ्या उघड्या पडून वाळतात. आपल्या खानदेशात तापी आणि गिरणेच्या काठी जी काळी कपाशीची जमीन आहे, त्या जमिनीत खोल नांगरटीचे महत्त्व शेतकऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. असे लोखंडी नांगर तेव्हा परदेशातून येत. तसा नांगर येथेच करायचा, असे लक्ष्मणरावांनी मनाशी ठरवले.

नांगरातील सर्वांत कठीण भाग म्हणजे फाळ. फाळाचे लोखंड मऊ राहिले तर तो लवकर झिजतो. फार कडक झाले तर दगडावर आपटून तुटतो. या दोन्हींच्या मधला मार्ग शोधावा लागतो. तो पुस्तकात वाचून पुरत नाही. भट्टी पेटवावी लागते, लोखंड ओतावे लागते, फाळ शेतात चालवून पाहावा लागतो आणि तुटला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

नांगर तर तयार झाले, पण ते घेणार कोण? शेतकरी नांगराकडे संशयाने पाहत. लोखंडाने जमिनीत विष पसरते आणि जमीन नापीक होते, असा समज तेव्हा लोकांत होता. शेतकऱ्याला दोष देऊन चालणार नव्हते. त्याचे सारे आयुष्य त्या जमिनीवर अवलंबून होते. एक हंगाम फुकट गेला, तर त्याची मुले उपाशी राहणार होती. अनोळखी वस्तूवर त्याने एकदम विश्वास कसा ठेवावा? पहिले नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली. पण त्यांनी धीर सोडला नाही. ज्यांनी नांगर घेतले त्यांच्या शेतात चांगले पीक दिसू लागले. जमिनीत विष पसरले नाही. मग हळूहळू शेजारचे शेतकरीही नांगर मागू लागले.

काम वाढत असतानाच नवे संकट आले. ज्या जागेवर कारखाना होता, ती जागा गावाच्या वाढीसाठी नगरपालिकेला हवी होती. कारखाना हलवावा लागणार होता. यंत्रे उचलून न्यायची कोठे? हाती पैसा नाही, जमीन नाही. वय चाळिशीचे. जोडलेला संसार खोलून दुसरीकडे पुन्हा जोडण्याची ती वेळ होती.

अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावून आले. ते स्वतः चित्रकार होते आणि गुणी माणसांची त्यांना पारख होती. त्यांनी कारखान्यासाठी जागा दिली आणि १० हजार रुपयांचे कर्जही दिले. पुणे-मिरज लोहमार्गावर कुंडल रोड नावाचे छोटे स्टेशन होते. त्याच्याजवळची ही ३२ एकर जागा होती. स्टेशन जवळ असल्यामुळे माल आणणे-नेणे सोयीचे होते. पण बाकी सारे अवघड होते. माळ उजाड होता. जिकडेतिकडे निवडुंग माजले होते आणि त्यांत नाग राहत. पिण्याचे पाणीही सहज मिळत नव्हते.

मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव, रामूअण्णा, त्यांचे सहकारी, कामगार आणि सर्वांची कुटुंबे या माळावर आली. त्यांनी निवडुंग तोडले, साप मारले, झोपड्या उभ्या केल्या. छप्पर घालून त्याखाली यंत्रे बसवली. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनीही या माळावर संसार थाटला. पुढे येथे घरे, रस्ते, शाळा आणि झाडे झाली. या वसाहतीला किर्लोस्करवाडी असे नाव पडले. भारतातील अगदी सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींमध्ये तिची गणना होते.

यंत्रातील प्रत्येक भागाला योग्य जागा असते, तशी प्रत्येक माणसालाही असते, असे लक्ष्मणराव मानत. ते माणसाची पदवी पाहत नसत, त्याचे हात आणि त्याचे मन पाहत. रामूअण्णांनी वसाहतीचा कारभार सांभाळला. शंभोअण्णा जांभेकर यंत्रांच्या कामात तरबेज होते. मंगेशराव रेगे हिशेब पाहत. अनंतराव फळणीकर यांचे शिक्षण अर्धवट राहिले होते, पण त्यांची कल्पकता लक्ष्मणरावांनी हेरली आणि ते उत्तम अभियंता झाले.

राखणदारीच्या कामाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघे पूर्वी दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेले होते. अशा माणसांना कोणी दारातही उभे करत नसे. लक्ष्मणरावांनी त्यांच्याच हाती वसाहतीची राखण सोपवली. या विश्वासाला दोघेही जागले. जातीचा आणि शिवाशिवीचा भेद लक्ष्मणरावांना मान्य नव्हता. किर्लोस्करवाडीत त्यांनी अस्पृश्यतेला थारा दिला नाही. त्या काळात असे करणे धाडसाचे होते.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगर येणे थांबले, त्यामुळे देशी नांगरांना मागणी वाढली. पण लोखंड मिळेना आणि भट्टीसाठी दगडी कोळसाही मिळेना. बाजार समोर आहे आणि भट्टी विझत चालली आहे, अशी स्थिती झाली. लक्ष्मणरावांनी दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळसा वापरून काम चालू ठेवले. जे नाही त्याबद्दल रडत बसण्यापेक्षा, जे आहे त्यातून मार्ग काढावा, ही त्यांची रीत होती.

युद्धानंतर, १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगरांबरोबर उसाचे चरक आणि पाण्याचे पंप तयार होऊ लागले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी एक मासिक सुरू केले. ते पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने महाराष्ट्रभर वाचले जाऊ लागले. एका उजाड माळावरून नांगर आणि मासिक अशा दोन्ही गोष्टी गावोगावी जाऊ लागल्या.

लक्ष्मणरावांनी आपल्या मुलाला, शंतनुरावांना, अमेरिकेत शिकायला पाठवले. तेथील प्रसिद्ध मॅसॅच्युसेट्स तंत्रशाळेतून शंतनुराव १९२६ मध्ये यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. वडिलांनी जे चाचपडत, चुकत-माकत शिकले, ते मुलाला शास्त्रशुद्ध रीतीने शिकता आले. वडिलांना उस्ताद मिळाला नव्हता. मुलाला मात्र घरीच उस्ताद मिळाला.

शेतकऱ्याला नांगर मिळाला, पण पाण्याचा प्रश्न राहिलाच होता. विहिरीतून पाणी काढण्यासाठी बैलांची मोट होती. दिवसभर बैल पुढे-मागे चालत, तेव्हा थोडे रान भिजे. पंपाने भराभर पाणी निघते, पण पंप फिरवायला शक्ती हवी. गावांत वीज नव्हती. मग शक्ती कोठून आणायची? याचे उत्तर होते तेलावर चालणारे इंजिन.

या इंजिनाचा जन्मही सुखासुखी झालेला नाही. जर्मनीत रुडॉल्फ डिझेल नावाचे अभियंता होते. हवा जोराने दाबली की ती तापते, हे तुम्ही सायकलीत हवा भरताना अनुभवले असेल. पंपाचे टोक गरम लागते. हवा इतकी दाबायची, की तिच्या उष्णतेनेच तेल पेटावे, अशी डिझेल यांची कल्पना होती. १८९३ मध्ये आउग्सबुर्ग या शहरात त्यांच्या पहिल्या इंजिनाची चाचणी झाली. त्या वेळी इंजिनात स्फोट झाला आणि त्यावरील मापक उडून गेला. डिझेल बचावले. त्यांनी इंजिन खोलले, दोष शोधले, त्यात बदल केले आणि ते पुन्हा जोडले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते इंजिन प्रथमच आपल्या शक्तीने चालले. किती वेळ? सुमारे एक मिनिट! पण त्या एका मिनिटाने सिद्ध केले, की कल्पना खरी आहे. आणखी तीन वर्षे खोलणे आणि जोडणे चालू राहिले. १८९७ मध्ये चांगले चालणारे इंजिन तयार झाले. आज धुळ्याच्या रस्त्यावरून जी मालमोटार धडधडत जाते, तिचे इंजिन त्याच घराण्यातले आहे.

किर्लोस्करांनीही अशी इंजिने करण्याचे काम अंगावर घेतले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. लक्ष्मणरावांनी तेव्हा वयाची पंचाहत्तरी ओलांडली होती. कारभार आता शंतनुराव पाहत होते. या इंजिनांनी महाराष्ट्रातील शेतीचे रूप बदलायला मोठा हातभार लावला. खानदेशातही तेलाच्या इंजिनांची फटफट शेताशेतांतून ऐकू येऊ लागली. रावेर-यावल भागातील केळीच्या बागांना विहिरींचे पाणी मिळू लागले. मोटेचे बैल सुटले.

इंजिन गावात आले, तेव्हा त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट आली. इंजिन बिघडले तर पुण्याला किंवा मुंबईला पाठवणे परवडत नसे. पाणी थांबले तर पीक जळेल. म्हणून गावातीलच कोणी तरुण पुढे झाला. त्याने भीतभीत इंजिन खोलले, भाग ओळीने मांडले, झिजलेला भाग बदलला आणि सारे पुन्हा जोडले. पहिल्या वेळी कदाचित एखादा नट उरलाही असेल. पण दुसऱ्या वेळी उरला नाही. अशा रीतीने गावोगावी यंत्रे जाणणारे कारागीर तयार झाले. त्यांची नावे पुस्तकांत नाहीत. पण लक्ष्मणरावांनी सुरू केलेल्या कामाचे तेही वारसदार आहेत.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्माला १०० वर्षे पूर्ण झाली. तेव्हा भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. कुंडल रोड हे स्टेशन आज किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते. जेथे एके काळी निवडुंग आणि नाग होते, तेथे गाडी थांबते आणि माणसे कामावर जाण्यासाठी उतरतात.

लक्ष्मणरावांना रंग नीट दिसत नव्हते, हक्काची बढती मिळाली नाही, नांगर कोणी घेत नव्हते आणि जमलेला कारखाना उठवावा लागला. आयुष्याचे यंत्र त्यांना अनेकदा खोलावे लागले. प्रत्येक वेळी त्यांनी तुटलेला भाग बाजूला ठेवला, चांगले भाग पुसून घेतले आणि सारे पुन्हा जोडले. त्यांच्यापाशी मोठी पदवी नव्हती, वडिलार्जित संपत्ती नव्हती. होते ते पाहणारे डोळे, चुकायला न घाबरणारे हात आणि माणसांवरचा विश्वास.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या गॅरेजपाशी शागीर्द मुलगा इंजिन जोडताना दिसला, तर क्षणभर थांबा. त्याचे कपडे मळलेले असतील, पण तो एक विद्या शिकत आहे. हाताने केलेले काम हलके नसते. ते मनापासून, मोजून-मापून आणि प्रामाणिकपणे केले, तर त्यातून माणूस घडतो आणि देशही घडतो. लक्ष्मणरावांचे सारे जीवन हेच सांगते.